निळी मोटार आणि पांढरे सूत

मोटारी, चाके आणि अवजारे एकमेकांशी बोलत, त्या काळची ही हकिकत. एका निळ्या मोटारीला दुकानांच्या काचांत आपले रूप न्याहाळण्याचा छंद होता. जमिनीलगत धावणारी मोटार अधिक देखणी दिसते, असे वाटून तिने रघूत्तम मिस्त्रीकडून आपल्या स्प्रिंगा आखूड करून घेतल्या.

महिन्याभरात पुढचे डावे चाक म्हणाले, "बाईसाहेब, माझी आतली कड झिजून गुळगुळीत झाली, बाहेरची मात्र अजून कोरी आहे. असेच चालले तर दिवाळीला मी भंगारात असेन. आपण सरळ चालता ना?"

"सरळच चालते," मोटार दुखावून म्हणाली. "मिस्त्रीने सूत ताणून चाके तपासली आहेत. विचार त्या सुतालाच."

मोटार मिस्त्रीकडे गेली. तिथे खुंटीवर ते पांढरे सूत टांगलेले होते. ते म्हणाले, "चाके सरळ आहेत असे मी सांगितले, हे खरे. पण केव्हा?"

मोटार आठवू लागली. "स्प्रिंगा कापल्या, त्याच्या आदल्या दिवशी."

"तेव्हा तू उंच होतीस. अंग खाली बसले, तसे चाकांना वळवणारे दांडे तिरपे झाले आणि चाकांची तोंडे बाहेर फिरली. त्यानंतर मला कोणी विचारलेच नाही."

"मग मी पुन्हा उंच होऊ?"

"तसे मी कुठे म्हटले? बुटकी राहा, पण माप आजचे घे."

मिस्त्रीने सूत ताणले. समोरच्या दुकानाची काच लखलखत होती. मोटार मात्र श्वास रोखून सुताकडे पाहत राहिली.