सोळाचा राघोजी, दहाचा राघोजी

"सोळा वर्षांचा माणूस चार वर्षांनी दहा वर्षांचा होतो का, महाराज? तुम्हीच सांगा!"

उद्धवराव निकुंभ असे तावातावाने मठात शिरले, की पायऱ्यांवरची कबुतरं उडाली. गिरणेकाठच्या त्या मठात निरंजनगिरी महाराज मेथी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण झाला रे असा?"

"राघोजी. माझे पणजोबा."

उद्धवरावांनी कागदांच्या नकला पुढ्यात ठेवल्या. निकुंभांच्या पाच पिढ्या त्यांनी खणून काढल्या होत्या आणि त्याचा अभिमान अंगात मावत नव्हता. का मावावा? निवृत्त झाल्यावर लोक पत्ते कुटतात, या गड्याने कचेऱ्यांची धूळ खाल्ली होती. गावात काळी शिळा उभी केली होती. पूर्वजांची नावं तिच्यावर वयासकट कोरली जात होती. उद्या सारा गोतावळा जमणार होता.

"मोठ्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडायला गेले, तिथल्या हजेरीत वय सोळा. चार वर्षांनी गावच्या शाळेत बसले, तिथे वय दहा. आणि वारले तेव्हा नोंद काय, तर शंभर! शंभर कुठले? कुठलाही कागद धरा, ऐंशीच्या पुढे हिशोब जात नाही."

"मग?"

"मग काय, नाव गाळतोय. पाथरवटाला सांगूनही आलो. निकुंभांत खोटं बोलायची रीत नाही, महाराज. ज्याने स्वतःचं वय कधी खरं सांगितलं नाही, त्याचं नाव शिळेवर कशाला?"

महाराजांनी मेथीची एक जून काडी बाजूला टाकली.

"तुझा वाढदिवस कधी असतो?"

"एक जूनला."

"अर्ध्या गावाचा तेव्हाच असतो," महाराज हसले. "शाळेत घालताना गुरुजींनी तुला काय करायला सांगितलं होतं?"

"सगळ्यांना सांगायचे तेच. उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर. कान हाताला लागला, की सहा पूर्ण. तारीख मग गुरुजीच घालायचे."

"करून दाखव."

उद्धवरावांना हसू आलं, पण गुरूची आज्ञा! त्यांनी हात डोक्यावरून नेला. साठी उलटलेल्या माणसाचा हात कानाला सहज पुरला असता. तरी त्यांची मान आपोआप उजवीकडे कलली.

"मान का वाकडी केलीस?"

उद्धवरावांचा हात तसाच राहिला...

"आईने शिकवलं होतं," ते हळूच म्हणाले. "कानाला हात पुरत नव्हता. ती मजुरीला जायची, मला बघायला घरी कोणी नव्हतं. म्हणाली, मान जरा कलती कर, गुरुजी घेतील."

"म्हणजे खोटारडीच म्हणायची."

"महाराज!" उद्धवरावांचा आवाज चढला. "माझ्या आईबद्दल एक अक्षर..."

आणि ते थांबले.

महाराज मेथी निवडत राहिले. "राघोजीने वय किती सांगितलं, ते तू विचारत हिंडलास. कशासाठी सांगितलं, ते विचारलंस का?"

उद्धवरावांनी हजेरीची नक्कल पुन्हा हातात घेतली. शंभरदा वाचलेला कागद! आज मात्र अक्षरं ओली दिसायला लागली.

"मोठ्या माणसाला धान्याचं पुरं माप मिळायचं," ते म्हणाले. "पोराला अर्धं. बाप गेलेला. पाठीवर तीन भाऊ..."

"आणि शाळेत?"

"थोराड पोरांना पहिलीत घेत नसत. अहो, मिसरूड फुटलेला गडी! गुडघे दुमडून चिल्लीपिल्ली पोरांत बसला असेल. कशासाठी? तर चार अक्षरं यावीत म्हणून!" उद्धवरावांनी मांडीवर थाप मारली. डोळे पुसायचंही भान राहिलं नाही. "बहाद्दर माणूस, महाराज! हा माझा पणजोबा!"

"आणि ते शंभर?"

"ते... ते गावाने दिले असतील. मायेने."

"मग तू कमी करू नकोस."

उद्धवराव उठलेच. पाथरवटाला गाठायला हवं होतं. राघोजींचं नाव आता सगळ्यांच्या वर येणार होतं! दाराशी जाऊन मात्र ते पुन्हा वळले.

"पण महाराज, वय? नावापुढे वय किती कोरू?"

"उद्या शिळेपुढे कोण कोण येणार?"

"सगळे. राघोजींचे वंशज, त्या तिन्ही भावांचे वंशज. लेकी, सुना, नातवंडं, कडेवरची पोरं."

महाराजांनी निवडलेली मेथी सुपात झटकली.

"त्या सगळ्यांची वयं एकत्र कर," ते म्हणाले, "आणि तेवढं कोर."