नेसायचे की घालायचे

साडी नेसतात आणि सदरा घालतात, धोतर नेसतात आणि अंगरखा घालतात, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण नेसणे आणि घालणे यांच्यामध्ये नेमके अंतर किती, असे कुणी विचारले, तर तुम्ही काय सांगाल?

एके काळी एक वृद्ध शिंपी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या पेठेत राहत असत. शिंपीकाम करणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, तसे त्यांनाही म्हणत. पण त्यांच्या बाबतीत ते नाव जरा अधिकच शोभत असे. माप द्यायला आलेली माणसे त्यांच्यापुढे घरातले तंटे काढून बसत, आणि कमरेचे, छातीचे माप घेऊन होईपर्यंत निम्मा तंटा निवळलेला असे.

लिंबाजी हा त्यांचा शिष्य. सात वर्षे तो मास्तरांच्या हाताखाली शिकत होता. त्याचे वय आता पंचवीस झाले होते, हात सफाईदार झाला होता, आणि पलीकडच्या गावात स्वतःचे दुकान मांडायचे त्याच्या मनात होते. अडचण एकच होती. मास्तरांच्या दुकानाचा जुना रिवाज असा, की गुरूने आपली कात्री शिष्याच्या गुडघ्याशी ठेवली, की तो शिंपी झाला. रोज सकाळी मास्तर बैठकीवर बसत आणि कात्री स्वतःच्या उजव्या गुडघ्याशी ठेवत. रोज सकाळी लिंबाजी ते पाही आणि सुईत दोरा ओवू लागे.

एके दिवशी त्याला राहवले नाही. "मास्तर, माझ्या हातात काय कमी आहे?"

"हातात काही कमी नाही," मास्तर म्हणाले.

"मग?"

"हे बघ, अंगावर चढवल्यावर ज्याची माणसाला आठवणसुद्धा राहत नाही, तो कपडा नीट शिवला म्हणायचा. टोचला, ओढला, आखूड झाला की आठवण होते. तसा एक कपडा मला शिवून दाखव. आता पायरी चढून जे गिऱ्हाईक येईल ते तुझं. आजच्या दिवस कात्रीही तू वापर. मी मधे बोलणार नाही."

लिंबाजीचे सारे लक्ष पायरीकडे लागले.

थोड्याच वेळात एक व्यापारी पायरी चढून आला. मिरी आणि सुंठ बैलांवर लादून तो घाटाच्या वरच्या गावांमध्ये विकायला नेत असे. उंच बांधा, भरघोस मिश्या, डोक्याला नीटनेटका पटका. पण कमरेखाली त्याने जे घातले होते ते पाहून लिंबाजीच्या हातातली सुई थांबली. गुडघ्याच्या जरा खाली येणारे, पुढून सपाट, मागे दाट चुण्यांचे ते घेरदार वस्त्र होते. धुऊन धुऊन विरले होते आणि एका बाजूने फाटलेही होते.

व्यापाऱ्याने काखेतले चौकडीचे जाड कापड खाली ठेवले. "अगदी असंच दुसरं शिवून पाहिजे. उद्या सकाळी मला घाट चढायचा आहे."

"म्हणजे लेंगा ना?" लिंबाजीने विचारले.

"लेंगा कसा असेल? त्याला मधे शिवण असते. याला नको."

"मग धोतर म्हणायचं का?"

"धोतर कधी शिवतात का, मास्तर?"

सात वर्षांत लिंबाजीला प्रथमच कुणी मास्तर म्हटले होते, आणि तेही अशा प्रश्नाच्या शेवटी. त्याने मापाची वही उघडली. प्रत्येक मापावर कपड्याचे नाव लिहायचे असे. "याला तुमच्याकडे म्हणतात तरी काय?"

"काहीही लिहा. कंबर, उंची, घेर, एवढं बरोबर आलं म्हणजे झालं."

"सणासुदीला लागतं का? की कसला नवस आहे?"

"नाही हो. रोजचंच आहे."

"पायाला काही दुखणं वगैरे..."

व्यापारी हसला. "पाय ठणठणीत आहेत. चालायला मोकळं वाटतं, एवढंच." आणि माप देऊन तो बैलांना पाणी पाजायला निघून गेला.

लिंबाजीने मास्तरांकडे पाहिले. मास्तर एका सदऱ्याला काज करत होते. ठरल्याप्रमाणे त्यांनी पुढचे काज करायला घेतले. वहीत नावाची जागा कोरी राहिली.

दुपारी मास्तर जेवायला घरी गेले. लिंबाजीने कापड पसरले, खडूने खुणा केल्या. एवढ्यात समोरच्या दुकानातून कोंडाजी तांबट हात पुसत आला. कोंडाजी मनाने वाईट नव्हता. पण दिवसभर तांबे ठोकून ठोकून त्याला माणसांनाही ठोकून पाहायची सवय लागली होती.

"काय रे लिंबाजी, कुणाचा घागरा?"

"घागरा नाही, काका. त्या मिरीवाल्याचं आहे."

"असं का? मालकीणबाईंना मिश्या बऱ्या आहेत." कोंडाजीने खुणा निरखल्या. "शीव बाबा, शीव. पलीकडच्या गावात दुकान टाकशील तेव्हा लोक म्हणतील, हाच तो, बाप्यांचे घागरे शिवणारा."

तो गेला, पण बोलणे मागे राहिले. लिंबाजी कापडाकडे पाहत बसला. सात वर्षे शिकून कात्री मिळायची ती अशा कपड्यावर का? मग त्याला व्यापाऱ्याची दया आली. इतका रुबाबदार माणूस, आणि गावोगाव हसू करून घेत हिंडतो. त्याला बिचाऱ्याला कुणी सांगितले नसेल. आपण सांगण्याऐवजी करूनच दाखवावे, म्हणजे त्याचीही लाज राहील आणि आपलीही.

मनाची अशी समजूत पटल्यावर हात झपाट्याने चालू लागला. एका सलग पट्ट्यात ठेवायचे कापड त्याने चार सरळ तुकड्यांत कापले. दोन पाय जोडले, मधे त्रिकोणी तुकडा बसवला, नाडी ओवली. मास्तर परत आले तेव्हा खुंटीवर चौकडीचा एक सुबक, ऐसपैस लेंगा लटकत होता.

मास्तरांनी तो हातात घेतला. शिवण उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. "टीप सुरेख आली आहे," ते म्हणाले. मग लिंबाजीकडे पाहून त्यांनी सांगितले, "तुझा लेंगा काढून दे."

"माझा?"

"तो माझा पंचा वाळतो आहे, तो गुंडाळ. आणि तसाच जाऊन विहिरीवरून घागरभर पाणी आण."

लेंगा कुठे उसवला असेल, अशी समजूत करून घेत लिंबाजीने कमरेला पंचा गुंडाळला आणि घागर उचलली. तो कोंडाजीच्या दुकानावरून गेला, विहिरीवरच्या चार बायांशी बोलला, देवळाच्या पायरीवर बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांना त्याने रामराम केला. कोंडाजीने त्याला हाक मारून घागरीचा पोचा काढून दिला. परत यायला तासभर लागला.

दुकानात मास्तर त्याच्याच लेंग्याचा शेवटचा टाका घालत होते. त्यांनी दोन्ही पाय आतून उसवले होते, मधला तुकडा काढला होता आणि उघडलेल्या कडा एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. लेंग्याचा सरळ घेर झाला होता.

"घाल," मास्तर म्हणाले.

लिंबाजीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "हे काय केलंत? हा माझा लेंगा होता."

"तुझाच आहे. कापडाचं सूतही कापलं नाही."

"पण मला न विचारता..."

वाक्य तिथेच अडकले. खुंटीवर व्यापाऱ्याचे चौकडीचे कापड लटकत होते. लिंबाजीने ते पाहिले आणि तो खाली बसला.

तो म्हणाला, "मास्तर, मी त्याच्या भल्यासाठीच केलं. लोक त्याला हसतात. कोंडाजीकाकाही हसले."

"तू आत्ता विहिरीवर कशात गेला होतास?"

"पंच्यात."

"त्याला मधे शिवण आहे?"

"नाही."

"कोण हसलं?"

"पंच्याला कोण हसेल, मास्तर? पंचा काय, सगळेच नेसतात. हा तर..." तो पुन्हा अडखळला. "हा घालायचा आहे."

"हां," मास्तर म्हणाले, आणि मग ते सलग बोलत गेले. "आपल्या गावातला प्रत्येक बाप्या आंघोळ केली की पंचा गुंडाळतो. त्याला घेर आहे, खाली मोकळा आहे, मधे शिवण नाही. त्याला नेसणं म्हणतात, म्हणून कुणी मान वर करून बघत नाही. त्याच कापडाची दोन टोकं कुणी दोऱ्यानं जोडली, की ते घालणं झालं आणि पेठ हसायला लागली. कोंडाजी हसतो तो माणसाला नव्हे, एका टाक्याला. आणि टाका घालणारे आपण. आपणच त्याला हसायला लागलो, तर त्या माणसानं कपडा शिवायला जायचं कुठे?"

लिंबाजी म्हणाला, "पण त्यानं काही कारण तरी सांगायचं होतं. उन्हानं पाय भाजले, नवस बोलला, काहीतरी. मी तीनतीनदा विचारलं."

"मागच्या आठवड्यात पाटलांचा लेंगा शिवलास. दोन पाय कशाला पाहिजेत, म्हणून त्यांना विचारलं होतंस?"

लिंबाजीला हसू आले, आणि हसता हसता ते मावळलेही. "नाही."

"मिरीवाल्यानं तर कारण दिलंही. मोकळं वाटतं म्हणाला. तुला ते पुरलं नाही, कारण तुला त्याचं दुखणं पाहिजे होतं. माणूस दुखणाईत असला की आपण त्याला माफ करायला तयार असतो. तो खुशीत असला की आपली अडचण होते."

यावर मास्तर पुन्हा काज करू लागले.

लिंबाजीने चौकडीचा लेंगा मांडीवर घेतला आणि उसवायला बसला. स्वतःची सुबक टीप स्वतःच उसवणे किती जड जाते, हे त्या दिवशी त्याला कळले. कापलेले कापड सलग होत नाही, ते फक्त जोडता येते. चार तुकड्यांचे चार जोड आले. तीन त्याने मागच्या चुण्यांच्या पोटात बसवले. चौथा मात्र पुढच्या सपाट भागावर आला. चौकडीची रेघ रेघेला जुळवून त्याने तो जोडला. तरी जाणत्या नजरेला दिसलाच असता. जोडांमध्ये गेलेले कापड त्याने एक चूण मोकळी करून भरून काढले. उन्हे कलली तेव्हा काम संपले.

निघताना मास्तर म्हणाले, "पंचा नेसून जा घरी. तुझा लेंगा उद्या कर पहिल्यासारखा."

लिंबाजीने पंच्याकडे पाहिले, मग आपल्या घेर झालेल्या लेंग्याकडे पाहिले. आता त्याच्या मनात रागाची जागा कुतूहलाने घेतली होती. दिवसभर ज्याच्यावरून एवढे मनात घोळले, ते अंगावर लागते तरी कसे? त्याने पंचा घडी घालून ठेवला आणि तो घेर चढवला.

"अरे वा," कोंडाजी समोरून म्हणाला, "सकाळची मालकीण वेगळी, संध्याकाळची वेगळी."

"मापाला कसा बसलाय, ते सांगा काका."

कोंडाजीने हातोडी खाली ठेवून खरोखरच पाहिले. "मागनं जरा उचलला आहे," तो म्हणाला. मग त्याने पुन्हा हातोडी उचलली.

पेठ संपेपर्यंत लिंबाजी प्रत्येक पाऊल मोजत होता. प्रत्येक दारातून आपल्याकडे कुणीतरी पाहते आहे, असे त्याला वाटत होते. पाहत होते ते फक्त दोन-तीन जण. ओढ्याच्या साकवावर वारा आला आणि त्याच्या गुडघ्यांना लागला. तो क्षणभर थांबला. मग त्याला व्यापाऱ्याला उद्या काय सांगावे याची चिंता लागली आणि ती चिंता करत तो घरी पोचला. दारात आईने विचारले, "हे काय घातलंस रे?" तेव्हा कुठे त्याला आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आला. लिंबाजीने वस्त्र त्याच्या हातात देऊन पुढचा जोड बोटाने दाखवला आणि सांगितले, "हे मी काल चुकीचं कापलं होतं. तुम्हाला न विचारता तुमचा लेंगा करून टाकला होता. मग परत जोडलं." व्यापाऱ्याने तो जोड अंगठ्याने चाचपला. "का बरं?" त्याने विचारले. "हसण्याला भ्यालो," लिंबाजी म्हणाला. व्यापारी आडोशाला जाऊन ते घालून आला, पायरी उतरला, कोंडाजीच्या दुकानापर्यंत गेला आणि परत आला. मग घाटात कालपासून धुके फार आहे, बैलांच्या खुरांना घसरण लागते, वरच्या गावात यंदा सुंठेला मागणी बरी आहे, असे बरेच काही तो उभ्या उभ्या सांगत राहिला आणि अंगावरच्या वस्त्राचे नावही न काढता बोलता बोलताच बैल हाकत निघून गेला. लिंबाजीने मापाची वही उघडली आणि कोऱ्या जागेत 'रोजचे' असे लिहिले. वही मिटून तो सुईत दोरा ओवायला वळला, तेव्हा मास्तरांची कात्री त्याच्या गुडघ्याशी ठेवलेली होती.