ठकूबाईचं पालथं मडकं

डोंगराच्या उतारावर खडकवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात राहायची ठकूबाई. तिला कोंबड्यांशी बोलायची खोड. "काय गं, आज तोंड का पाडलंस?" असं ती कोंबडीला विचारायची, आणि गंमत म्हणजे त्या कोंबडीचं खरंच काहीतरी बिघडलेलं असायचं. नवरा जाऊन तिला चार वर्षं झाली होती. धाकटा दीर दाजिबा, त्याच्या अंगणाच्या कोपऱ्यात तिचं खुराडं होतं. त्याच खुराड्यावर तिचं पोट चालायचं.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी दाजिबा तिला म्हणाला, "वहिनी, चैत्राची जत्रा झाली की हा कोपरा मोकळा करा. मला गोठा वाढवायचाय."

ठकूबाई खुराड्यासमोर जाऊन बसली. कोंबड्या घेऊन जायचं कुठे? आणि कोंबड्याच गेल्या तर उरलं काय?

आता नशीब बघा. गेल्या वर्षी गावात मानमोडीचा रोग आला होता आणि खुराडीच्या खुराडी रिकामी झाली होती. म्हणून त्याच आठवड्यात पंचांनी ठरवलं, की आखरातलं, म्हणजे गावाबाहेर गुरं गोळा होतात त्या जागेतलं, जुनं दगडी आवार एका घराच्या हवाली करायचं. त्या घरानं तिथे चांगल्या कोंबड्या नि ससे पाळायचे आणि साऱ्या गावाला पिल्लं द्यायची. घर कोणतं? तर संक्रांतीला इच्छुकांना प्रत्येकी पन्नास पिल्लं आणि सशांची एक जोडी मिळणार, आणि चैत्राच्या जत्रेत ज्याची जनावरं सरस ठरतील त्याचं आवार. इच्छुक दोनच निघाले. एक ठकूबाई. दुसरा कोण? अहो, दाजिबाच! गावाच्या कोंबड्या आपल्या हाती म्हणजे केवढा मान, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

ठकूबाईनं पदर खोचला. शेवग्याचा पाला सावलीत वाळवून त्याची भुकटी केली. ज्वारी-बाजरीच्या भरड्यात ती भुकटी, चिमूटभर हळद आणि ठेचलेली लसणाची पाकळी घालायला लागली. दुपारी ताकाचं पाणी. आणि खरी करामत पुढेच आहे. जुनं मडकं घ्यायचं, त्यात फाटकं गोणपाट आणि गोवऱ्यांचा चुरा कोंबायचा, पाणी शिंपडायचं आणि माळावरच्या वारुळाजवळ ते पालथं घालून यायचं. दुसऱ्या दिवशी मडकं उचललं की आत वाळवीच वाळवी! पिल्लं त्यावर अशी तुटून पडायची, की बघणाऱ्यालाही भूक लागावी.

गाव मात्र हसून लोळायचं. "लोक वाळवी मारतात, ही बाई वाळवी पाळते! उद्या घराला लागली म्हणजे?"

"म्हणून तर माळावर ठेवते," ठकूबाई म्हणायची. "तुमच्या माळ्यावर ठेवू का?"

पण ती काही सर्वज्ञ नव्हती हां. पहिल्याच आठवड्यात तिनं घाई केली. लसूण चांगला ना, मग घाला मूठभर! पिल्लांनी वास घेतला, चोची फिरवल्या आणि दिवसभर उपाशी बसली. मग सशांना तिनं पहाटेचं दवानं भिजलेलं कोवळं गवत घातलं. मादीचं पोट टम्म फुगलं. ठकूबाई दिवसभर तिचं पोट चोळत बसली आणि स्वतःला शिव्या घालत राहिली. मादी वाचली. तेव्हापासून गवत सावलीत सुकवल्याशिवाय तिनं टोपलीत टाकलं नाही आणि लसूण चिमटीपलीकडे नेला नाही.

तिकडे दाजिबाला एवढा दम कुठला? बाजारातल्या एका फिरत्या विक्रेत्याकडून त्यानं 'झटपट पुडी' आणली. पांढरी भुकटी, कोंबड्यांच्या नि सशांच्या दाण्यात कालवायची. पिल्लं घटाघटा पाणी प्यायची आणि फुगायची. शिमग्यापर्यंत दाजिबाची पिल्लं ठकूबाईच्या पिल्लांच्या दुप्पट दिसायला लागली. लोक कुंपणावरून बघायचे आणि म्हणायचे, "वा रे दाजिबा!" मग ठकूबाईच्या खुराड्याकडे वळून म्हणायचे, "ठकूबाई, ह्या कोंबड्या की चिमण्या?"

बाईला वाईट वाटायचं. का नाही वाटणार? जत्रा जवळ येत होती आणि तिची पिल्लं आपली बेताबेतानं वाढत होती. एके दिवशी दाजिबानं एक पुडी तिच्या उंबऱ्यावर ठेवली. "घ्या वहिनी. मागून म्हणू नका, दिरानं दिली नाही म्हणून."

तो गेल्यावर ठकूबाई त्या पुडीकडे बघत बसली. आवार डोळ्यांसमोर आलं, ते दगडी कुंपण, वरची कौलं. तिनं पुडी सोडली. चिमूटही भरली. हात दाण्याच्या टोपलीवर गेला. समोर त्या पन्नासांतलाच लाल्या नावाचा कोंबडा मान वाकडी करून तिच्याकडेच बघत होता. तिच्या मनात आलं, ह्या पुडीनं हा वाढला तर कशानं वाढला ते कळणार नाही, आणि आजारी पडला तर कशानं पडला तेही कळणार नाही. मग मी त्याला विचारू तरी काय?

तिनं चिमूट परत पुडीत टाकली आणि तडक दाजिबासमोर जाऊन उभी राहिली. "भाऊजी, यात काय आहे?"

"मला काय ठाऊक? विकणाऱ्याला विचारा."

"मग ही तुम्हालाच ठेवा. मला ठाऊक नाही ते मी माझ्या पोरांना घालत नाही."

दाजिबा खो खो हसला. गावालाही वाटलं, हातचं आवार घालवलं या बाईनं.

जत्रेचा दिवस उजाडला. निवाडा करायला खालच्या गावच्या चिंगूआत्या आल्या. वय ऐंशी, जन्म गेला कोंबड्यांत, आणि डोळ्यांना दिसायचं बेताचंच. लोकांनी तराजू टांगून ठेवला होता. आत्या म्हणाल्या, "तो काढा. दगडही वजनात भरतो. मला एक लांब वेळू द्या."

दोन मेढी रोवून कमरेएवढ्या उंचीवर वेळू आडवा बांधला. आत्या तिथेच खाटेवर बसल्या. "आता दिवस कलू द्या. कोंबडी धडधाकट असेल तर तिन्हीसांजेला आपणहून उंचावर चढते. पाय खोटं बोलत नाहीत. कोण चढतं ते मला सांगा."

ऊन उतरलं. ढोल थांबले. दाजिबाचा सगळ्यात थोराड कोंबडा वेळूखाली आला, त्यानं वर बघितलं, अंग गोळा केलं, उडी मारली आणि धप्पकन पोटावर पडला. दुसरा पडला. तिसऱ्यानं उडीच मारली नाही, पाय पसरून बसला. दाजिबाचं तोंड उतरलं.

मग ठकूबाईचा लाल्या आला. मान वाकडी, एक डोळा वेळूवर. फडफड, आणि हा वर! "चढला!" लोक ओरडले. त्याच्यामागून एक, दोन, पाच, दहा! एक पिल्लू घारीनं नेलं होतं, दोन थंडीनं गेली होती. उरलेली सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस चढली. वेळू वाकला, शेवटी मधे तिसरी मेढ लावावी लागली!

"आणि ससे?" आत्यांनी विचारलं.

दाजिबाचे ससे जमिनीवर ठेवले, ते लोडासारखे बसून राहिले. ठकूबाईचे ससे ठेवले मात्र, पाचोळा उडवत जे सुटले ते एक पंचांच्या पायांतून आणि दुसरा आत्यांच्या खाटेखालून! "धरा, धरा!" सगळी जत्रा सशांमागे पळायला लागली. कोणाचं पागोटं पडलं, कोणाची भजी सांडली. आत्या पोट धरून हसत होत्या. "अरे, हे तर मलाही दिसलं! द्या त्या बाईला आवार!"

ढोल असे वाजले की डोंगर घुमला. ज्यांनी तिच्या कोंबड्यांना चिमण्या म्हटलं होतं, तेच तिला खांद्यावर घ्यायला निघाले. ठकूबाई एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. "लाल्या, बघितलंस का रे?" एवढंच ती म्हणत राहिली.

गर्दी पांगल्यावर दाजिबा खाली मान घालून आला. "वहिनी, चुकलं माझं. माझी पिल्लं आता उठतसुद्धा नाहीत हो."

"चूक तुमची, पिल्लांनी काय केलंय?" ठकूबाई म्हणाली. "आणा त्यांना आवारात. आणि उद्या सकाळी एक जुनं मडकं घेऊन माळावर या."

दुसऱ्या दिवसापासून माळावर दोन मडकी पालथी दिसायला लागली. काही पिल्लं वाचली नाहीत, पण बरीच सावरली. महिन्याभरानं दाजिबाचा एक कोंबडा धडपडत वेळूवर चढला, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं आरोळी ठोकली ती ठकूबाईनं.

तात्पर्य: घाईनं फुगवलेली वाढ कसोटीला उतरत नाही; ज्याला आपण काय घालतो ते ठाऊक असतं आणि जो ते रोज बेतानं, मायेनं घालतो, त्याचंच यश स्वतःच्या पायांवर उंच चढतं.