वासराने चावलेला दोर

फार पूर्वी, नळ कोणी पाहिलाही नव्हता तेव्हा, एका मळ्यावर एक खोल विहीर होती. विहिरीवर रहाट, रहाटावर लांब दोर. उरलेल्या दोराचे वेटोळे खांबापाशी पडलेले असे. मळ्यावर सासू, तिचे दोन मुलगे आणि थोरल्याची बायको राहत. सासू कष्टाळू, पण जिभेने तिखट. मडके फुटले तरी दिवसभर बोलत राही.

पावसाळ्यात एकदा सुनेने वासरू खांबाला बांधले. पाणी घरात ठेवून येईपर्यंत वासराने वेटोळ्यातला दोर चावून ठेवला. सून घाबरली. "उद्या सांगेन," असे म्हणून तिने चावलेला भाग वेटोळ्याच्या तळाशी दडवला. विहीर तुडुंब होती. एवढा दोर लागतच नव्हता.

हिवाळा सरला, पाणी खाली गेले. वेटोळे लहान होत चालले. सून शेंदताना पाण्याकडे नव्हे, वेटोळ्याकडे बघे. सांगावेसे वाटे, पण 'इतके दिवस गप्प का होतीस?' याची भीती आता पहिल्या भीतीहून मोठी झाली होती.

उन्हाळ्यात गाळ काढायला धाकटा दीर कमरेला दोर बांधून उतरू लागला.

"वहिनी, आज पाण्याऐवजी मलाच शेंदायचंय बरं का!"

"चिखलाचे पाय घरात आणू नकोस म्हणजे झालं," सासू म्हणाली.

थोरला दोर सोडू लागला. वेटोळे उलगडत गेले. शेवटच्या वेढ्याखाली कुरतडलेला पीळ दिसला आणि सून किंचाळली, "थांबा! दोर सोडू नका! भावोजी, कपारीला धरा, वासरानं दोर चावलाय!"

खालून आवाज येईना. मग बारीक ऐकू आले, "धरलंय..."

थोरल्याने हातातला दोर खांबाला बांधला आणि बैलांच्या मोटेचा जाड नाडा आणून सोडला. त्याला धरून दीर वर आला, पांढराफटक. सासूने चावलेला दोर दोन्ही हातांनी ताणून पाहिला. तो तटकन तुटला.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?"

"पावसाळ्यापासून, आत्याबाई. तुम्ही रागवाल म्हणून..."

सासू हातातल्या दोन टोकांकडे बघत राहिली. "मी एवढी बोलते?" तिने विचारले.

त्या दिवसापासून जो दोरातली खोट दाखवील, त्याच्या हातावर सासू गुळाचा खडा ठेवू लागली. पहिला खडा सुनेला मिळाला. तिने तो घेतला आणि अर्धा तोडून दिराच्या हातावर ठेवला.

तात्पर्य: चूक झाली त्याच दिवशी सांगावी, आणि ती सांगायची कोणाला भीती वाटणार नाही, असे आपणही वागावे.