राणीची नथ आणि तांबडे तळे

एका राज्यात चंडकेतू नावाचा राजा होता. त्याच्या दरबारात एकदा कुंभाक्ष मांत्रिक आला. त्याच्या दाढीला कोणीतरी हसले. कोण हसले म्हणून मांत्रिकाने विचारले, तेव्हा राणी शशिप्रभेने मान खाली घातली. मांत्रिकाने तिथल्या तिथे तिची मासोळी केली आणि तिची नथ राजाने नुकत्याच खोदलेल्या तळ्यात भिरकावली. राणीने स्वतः ती तोंडात धरून वर आणली तरच ती माणसात येईल, असे सांगून तो दाढी सावरत निघून गेला.

आता तळे कसले, तांबड्या मातीचा नुसता काला. हात बुडवला तर बोटे दिसेनात आणि चव घ्यावी तर चिंचेच्या कोळासारखी आंबट. त्यात राणी सोडली तर जगायची नाही, जगली तरी तिला नथ दिसायची नाही. म्हणून ती महालात रांजणात राहिली आणि दिवसेंदिवस वाळत चालली. राजाच्या घशाखाली घास उतरेना.

प्रधानजी हुशार. त्यांनी तळ्यात दोन गाड्या तुरटी ओतली. गढूळपणा तसाच राहिला, आंबटपणा मात्र एवढा वाढला की बेडकांनी बिऱ्हाड हलवले.

तेव्हा काठच्या बाभळीवरचा खंड्या बोलला. पक्षी बोलतो याचे त्या राज्यात कोणाला नवल नव्हते. खंड्या मासे खातो, ही मात्र राजाची काळजी होती. राणीला चोच लावणार नाही अशी शपथ त्याने घेतली, तेव्हा बोलणे पुढे सरकले. कामे तीन, आणि क्रम चुकायचा नाही, असे त्याने बजावले. आधी चुनखडीची पूड, म्हणजे आंबटपणा मरेल. मग बेताची तुरटी, म्हणजे माती तळाशी बसेल. तिसरे वेळ आल्यावर सांगेन.

राजाने दोन्ही केले. पाणी गोडे झाले, संध्याकाळपर्यंत निवळले. सकाळी पाहतो तर पुन्हा तांबडे.

त्या राज्याचा रिवाज असा, की राजाने खोदलेल्या तळ्याला रोज पहाटे हत्तींनी प्रदक्षिणा घालून मुजरा करायचा. उघड्या बांधावरची माती त्यांच्या पायांखाली ढासळून पाण्यात पडे.

राजा म्हणाला, "शाप मोठा कठीण आहे."

"शाप एकच आहे, महाराज," खंड्या म्हणाला. "हत्ती सात आहेत."

तिसरे काम सर्वांत अवघड होते. पुन्हा चिमूटभर तुरटी टाकून बांधावर हरळी लावायची, आणि ती रुजेपर्यंत एकवीस दिवस तळ्याकडे कोणी फिरकायचे नाही, राजानेसुद्धा.

"मग मी काय करू?"

"काही करू नका."

राजाला हे कधी जमले नव्हते. तो जाऊन रांजणाशेजारी बसला. पहिले दोन दिवस त्याने मासोळीला फर्माने वाचून दाखवली. मग फर्माने संपली आणि तो नुसता बोलू लागला. सातव्या दिवशी, दाढीला हसलो तो मी होतो, हे तुला ठाऊक असून तू मान का खाली घातलीस, असे विचारून तो रडला.

बाविसाव्या दिवशी बांध हिरवा होता आणि तळाशी नथ चमकत होती. राणीला पाण्यात सोडले. तिने नथ उचलली, आणि ओलीचिंब राणी पायऱ्या चढून वर आली.

"महाराज," ती म्हणाली, "बारा वर्षांत तुम्ही माझ्याजवळ इतका वेळ बसला नव्हता."

पुढे हत्ती अंगणातूनच मुजरा करू लागले, बेडूक परतले आणि राज्य सुखात नांदले. राणीने रांजण मात्र हलवू दिला नाही. राजा रोज संध्याकाळी त्याच्याशेजारी येऊन बसतो.