गच्च बॅग आणि टिंबूचं बीळ

एक होता टिंबू. उंदराचं पिल्लू. एवढुस्सं.

टिंबूचं घर म्हणजे भिंतीतलं बीळ. बिळात टिंबू आणि टिंबूची आई.

बिळाबाहेर माणसांचं घर. तिथं जाई, जाईची आई, जाईचे बाबा आणि शकूआत्या. टिंबू त्यांना काय म्हणायचा? जाईला जाईताई. जाईच्या आईला काकू. जाईच्या बाबांना काका. आणि शकूआत्याला आत्या. आत्या काय, सगळ्यांचीच आत्या.

त्या दिवशी घरात नुसती धांदल. मंडळी निघाली होती गरगर पार्कात. तिथं म्हणे मोठ्ठा पाळणा आहे. घसरगुंडी आहे, ती थेट पाण्यात. जायचं सकाळी, यायचं संध्याकाळी. एका दिवसाला लागतं किती? टॉवेल, कपडे, भडंगाचा डबा, पाण्याची बाटली. झालं.

पण या घरात 'झालं' असं कधी होतच नाही, बरं का.

"हे असू दे, लागेल."

"ते असू दे, लागेल."

टाक बॅगेत. कोंब बॅगेत. बॅग अशी फुगली, अशी फुगली, की विचारू नका.

डबा भरताना एक शेंगदाणा खाली पडला. टिंबूनं पाहिला. टिंबू बिळातून बाहेर आला. तुरुतुरु, तुरुतुरु. शेंगदाणा खाल्ला. कुडुम कुडुम. मग घरी जायला वळला.

आणि धप्प.

कोणीतरी बॅग खाली ठेवली. कुठं ठेवली? नेमकी बिळाच्या तोंडावर.

बीळ बंद. आई आत, टिंबू बाहेर.

आतून आवाज आला, "चूं चूं, टिंबू, ये रे." आई आतून ढकलते, बॅग हलत नाही. टिंबू बाहेरून ढकलतो, बॅग हलत नाही. कशी हलणार? टिंबू केवढा, बॅग केवढी.

टिंबूला रडू आलं. मग नाक पुसून तो बॅगेला म्हणाला,

"बॅगबाई, बॅगबाई, उठा.
बीळ उघडेना.
माझी आई आत, मी बाहेर."

बॅग म्हणाली, "अशी उघड्या तोंडानं उठू? सगळं सांडेल ना. मी नाही उठत. आधी चेनीला लागू दे."

टिंबू चेनीकडे गेला. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चेनबाई, चेनबाई, लागा.
बॅग उठेना,
बीळ उघडेना.
माझी आई आत, मी बाहेर."

चेन म्हणाली, "कशी लागू? हा बघ छत्रीचा दांडा. मधेच आडवा. मी नाही लागत. आधी आत्याला छत्री काढू दे."

टिंबू आत्याकडे गेला. तुरुतुरु, तुरुतुरु. आत्या आरशासमोर वेणी घालत होती.

"आत्या, आत्या, छत्री काढ.
चेन लागेना,
बॅग उठेना,
बीळ उघडेना.
माझी आई आत, मी बाहेर."

आत्या म्हणाली, "अरे, ऊन लागलं तर? पाऊस आला तर? असू दे, लागेल."

आता सांगा. मंडळी चालली पाण्यात डुंबायला, आणि आत्याला भिजायची भीती.

आत्या म्हणाली, "माझी छत्री बरी दिसते सगळ्यांना. आणि वहिनीची इस्त्री? मी नाही काढत. आधी वहिनीला इस्त्री काढू दे."

हो, हो, इस्त्री. कपड्यांची. हसू नका, अजून पुढं आहे.

टिंबू काकूकडे गेला. तुरुतुरु, तुरुतुरु. काकू स्वयंपाकघरात गॅस बंद केला का ते बघत होती. केला होता. तरी बघत होती.

"काकू, काकू, इस्त्री काढ.
आत्या छत्री काढेना,
चेन लागेना,
बॅग उठेना,
बीळ उघडेना.
माझी आई आत, मी बाहेर."

काकू म्हणाली, "बाबा रे, येताना कपडे कसे चुरगळतात. चार माणसांत बरं दिसतं का ते? असू दे, लागेल."

आणि हळूच म्हणाली, "मलाच का सांगतोस? जाईच्या बाबांनी काय घेतलंय ते बघ. मी नाही काढत. आधी त्यांना पाना काढू दे."

टिंबू काकांकडे गेला. तुरुतुरु, तुरुतुरु. काका एक चप्पल घालून दुसरी शोधत होते.

"काका, काका, पाना काढा.
काकू इस्त्री काढेना,
आत्या छत्री काढेना,
चेन लागेना,
बॅग उठेना,
बीळ उघडेना.
माझी आई आत, मी बाहेर."

काका म्हणाले, "हे बघ टिंबू. एवढा उंच पाळणा. गरगर फिरणार. त्याचा एखादा नट सैल निघाला तर? पाना असलेला बरा. असू दे, लागेल."

घ्या. पार्कातली माणसं काय झोपा काढतात? पण काकांना कोण सांगणार?

काका म्हणाले, "माझा पाना मुळी एवढासा. अर्धी बॅग तर जाईच्या उशीनं भरलीय. मी नाही काढत. आधी जाईला उशी काढू दे."

टिंबू दमला होता. पाय दुखत होते. तरी गेला. तुरु... तुरु... तुरु... तुरु...

जाई दाराशी बसली होती. नवा फ्रॉक, नवे बूट. डावा बूट उजव्या पायात.

"जाईताई, जाईताई, उशी काढ.
काका पाना काढेनात,
काकू इस्त्री काढेना,
आत्या छत्री काढेना,
चेन लागेना,
बॅग उठेना,
बीळ उघडेना.
माझी आई आत, मी बाहेर."

जाई म्हणाली, "उशी माझी आहे. मला झोप आली तर? असू दे, लागेल. मी नाही काढत. आधी... आधी..."

आधी कोण?

जाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. आत्यानं आईचं नाव सांगितलं. आईनं बाबांचं. बाबांनी जाईचं. आता जाईनं कोणाचं सांगायचं? घरात जाईहून लहान कोणीच नव्हतं.

होता की. टिंबू होता.

जाई म्हणाली, "आधी टिंबूला काढू दे."

टिंबू म्हणाला, "काय काढू? माझं बॅगेत काहीच नाही. माझी आई आत, मी बाहेर."

जाई खाली वाकली. अगदी टिंबूच्या नाकाजवळ आली.

"तुझी आई आत?"

"हो."

"आणि तू बाहेर?"

"हो."

"रडू येतंय?"

"येतंय."

जाईलाच कसंतरी झालं. तिनं वळून स्वयंपाकघराकडं पाहिलं. तिची आई तिथं होती. दिसत होती. हाक मारली असती तर लगेच आली असती.

जाई उठली. थाप थाप, थाप थाप, बॅगेपाशी गेली. दोन्ही हातांनी उशी धरली. ओढली. येईना. अजून ओढली. येईना. डोळे मिटून ओढली.

भस्सकन!

उशी बाहेर, आणि जाई उशीवर.

काकांनी पाहिलं. म्हणाले, "जाईनं उशी काढली? मग माझा पाना कशाला?" काकांनी पाना काढला. ठण्ण.

काकूनं पाहिलं. म्हणाली, "यांनी पाना काढला? मग माझी इस्त्री कशाला?" काकूनं इस्त्री काढली. धाडकन.

आत्यानं पाहिलं. म्हणाली, "वहिनीनं इस्त्री काढली? बरं बाई, मग माझी छत्री तरी कशाला?" आत्यानं छत्री काढली. फटाक. काढता काढता उघडलीच ती. मिटली एकदाची.

मग काय?

जाईनं उशी काढली,
काकांनी पाना काढला,
काकूनं इस्त्री काढली,
आत्यानं छत्री काढली,
चेन लागली, सर्रर्र,
बॅग उठली, हुप्प,
बीळ उघडलं.

बिळातून आधी आलं एक नाक. मग आल्या मिश्या. मग आली आई, आख्खीच्या आख्खी.

"कुठं होतास रे?" आई म्हणाली. "मी किती हाका मारल्या. घाबरले ना मी."

असं म्हणाली आणि टिंबूला चाटू लागली. कान चाटले, पाठ चाटली, शेपूट चाटलं. टिंबूला गुदगुल्या झाल्या. आईनं त्याला मानेला धरलं, उचललं आणि आत नेलं.

जाईनं बिळात डोकावून पाहिलं. आत अंधार होता. अंधारात आई होती. आईच्या कुशीत टिंबू होता.

"चला, चला," बाबा दारातून म्हणाले. बॅग त्यांच्या खांद्यावर होती. आत्या बाहेर पडली. जाईची आई कुलूप घेऊन उभी होती.

जाई धावत आईकडे गेली. हात वर केले.

"उचल."

"अगं, एवढी मोठी झालीस. चाल की," आई म्हणाली.

"नाही. उचल."

आईनं बूट पाहिले, हसली, आणि जाईला उचललं. जाईनं आईच्या गळ्यात हात टाकले. अगदी घट्ट.

टिंबू गेला घरी, गोष्ट झाली पुरी.