बारकूची टाकी आणि बाईंचं पाणी

केतकीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या, "बाटली संपली की निहार तहानलेला बसतो हो. आम्ही पाणी दिलं तर नुसती मान हलवतो."

'बाहेर कुणी काही दिलं तर घ्यायचं नाही,' हे केतकीनंच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. आता 'घे' म्हणावं, तर पोरगं रस्त्यावरच्या कुणाकडूनही घेईल. एवढी शिकलेली बाई, पण चार वर्षांच्या मुलाला एक वाक्य धड सांगता येईना. लग्नाआधी ती यीस्टच्या कारखान्यात होती. तेवढंच काय ते तिला खात्रीनं येत होतं. सकाळी त्याला बूट घालताना तिनं तिथलीच गोष्ट काढली.

एका गावात एक भोळा बारकू होता. तो पावाचं यीस्ट वाढवायच्या टाकीवर कामाला लागला.

"यीस्ट म्हणजे?"

"डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव. उसाची मळी खातात. काळी, गोड."

बारकूनं सगळी मळी एकदम ओतली. यीस्टला जिकडेतिकडे साखरच साखर. ते वाढायचं सोडून दारू करत बसलं.

मुकादम अण्णा म्हणाले, "गाढवा, थेंब थेंब सोडायचं असतं."

"बरं अण्णा."

मग एकदा टाकी तापली. बारकूनं तिच्याभोवती गार पाणी सोडलं. थेंब थेंब. यीस्ट उकडून मेलं.

"अरे, तापलं की भडाभडा सोडायचं!"

"बरं अण्णा."

पुढं एकदा मालक अंगात ताप घेऊन कारखान्यात आले. बारकूनं त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. चांगलंच तापलं होतं. त्यानं पाण्याची नळी धरली. भडाभडा.

मालक निथळत म्हणाले, "समोर कोण आहे ते तरी बघायचं."

"बघितलं ना. तुम्हीच होता."

केतकीनं बुटाची पट्टी लावली. "यीस्टला डोळे नाहीत, तरी भोवती काय आहे ते ओळखून वागतं. बारकूला दोन डोळे असून उपयोग नाही. आपण ओळखायचं. समोर बाई असतील तर पाणी घ्यायचं. अनोळखी माणूस असेल तर नाही. कळलं?"

निहारनं पाण्याची बाटली गळ्यात अडकवली.

"बाईंचं घेईन," तो म्हणाला. "पण त्यांना थेंब थेंब द्यायला सांग. एकदम दिलं तर माझी दारू होईल."